विसरणाला प्रयोगशाळेबाहेर ठेवण्याचा हट्ट

फ्लुओरेसन्सच्या मदतीने विसरण मोजण्याच्या प्रयोगाला काचेची एक नळी पुरते. नळीच्या खालच्या निम्म्या भागात साधे पारदर्शक जेल असते आणि वरच्या निम्म्या भागात अत्यल्प रंगद्रव्य मिसळलेले तेच जेल. नळीवर निळा प्रकाश टाकला की रंगद्रव्याचे रेणू तो शोषतात आणि हिरवा प्रकाश देतात. सुरुवातीला हिरवा भाग आणि काळा भाग यांच्यातली सीमा रेखीव दिसते. मग ती पुसट होऊ लागते आणि हा पुसट पट्टा रुंदावत जातो. तो किती वेगाने रुंदावतो हे छायाचित्रांवरून मोजले की विसरण गुणांक मिळतो. पाण्याची श्यानता आणि तापमान ठाऊक असेल, तर त्या गुणांकातून रेणूची त्रिज्याही काढता येते. फ्लुओरेसीन या रंगद्रव्यासाठी ती सुमारे ०.५८ नॅनोमीटर येते. डोळ्याला कधीच न दिसणाऱ्या वस्तूचे माप एका दुपारच्या प्रॅक्टिकलमध्ये विद्यार्थ्याच्या वहीत उतरते.

असे असूनही हा प्रयोग बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या बहुतेक जर्नलांत नाही. तो असावा असे सुचवले की उत्तरे ठरलेली असतात. हे तंत्र जीवशास्त्रज्ञांचे आहे, भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्याचे काय? त्याला लेसर, कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक आणि प्रकाशगुणक नळी लागते, म्हणजे खर्च लाखांत जातो. त्यामागचे गणित पदवीच्या विद्यार्थ्याला झेपत नाही. एवढे करून आकडा दहा-पंधरा टक्के चुकतो. तीन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये तो बसत नाही, परीक्षेत तर नाहीच. आणि विसरण दाखवायचेच असेल तर बीकरमध्ये शाईचा थेंब सोडावा किंवा संगणकावर सिम्युलेशन दाखवावे. ही मते इतक्या ठामपणे मांडली जातात की ती तपासून पाहण्याची गरज कुणाला वाटत नाही. तपासली तर त्यांपैकी एकही टिकत नाही.

पहिली हरकत विषयाच्या मालकीची आहे. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी केशनळीतून पाणी वाहू देऊन श्यानता काढण्याचा प्रयोग असतो, पॉइझेलीच्या पद्धतीचा. ज्याँ पॉइझेली हा फ्रेंच वैद्यक होता आणि बारीक नळ्यांतून द्रव कसा वाहतो हा प्रश्न त्याला रक्तवाहिन्यांमुळे पडला होता. विसरणाचा मूलभूत नियम १८५५ मध्ये मांडणारा अडॉल्फ फिक शरीरक्रियाशास्त्रज्ञ होता. १८२७ मध्ये पाण्यातल्या सूक्ष्म कणांची अखंड धडपड पाहणारा रॉबर्ट ब्राउन वनस्पतिशास्त्रज्ञ होता. जीवशास्त्राशी नाते असणे हा अपात्रतेचा निकष असेल, तर पॉइझेलीचा प्रयोग प्रयोगशाळेत कसा राहिला? आणि आइन्स्टाइनच्या १९०५ च्या ब्राउनीय गतीवरच्या शोधनिबंधाचे काय करायचे?

आता फ्लुओरेसन्सकडे वळू. हे नाव १८५२ मध्ये जॉर्ज गेब्रिएल स्टोक्सने दिले. क्विनाइनच्या द्रावणावर अदृश्य अतिनील किरण पडले की निळसर प्रकाश बाहेर येतो, म्हणजे बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी शोषलेल्या प्रकाशापेक्षा जास्त असते, हे त्याने दाखवून दिले. हा स्टोक्स तोच, ज्याच्या नियमावर आधारलेला पडत्या गोळीचा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या जर्नलांत लिहिला जातो. ग्लिसरिनने भरलेल्या उंच नळकांड्यात गोळी सोडायची, दोन खुणांमधला वेळ मोजायचा आणि श्यानता काढायची. स्टोक्सने गोळीवरच्या अवरोधाचे जे सूत्र काढले, तेच आइन्स्टाइनने रेणूला लावले आणि विसरण गुणांक, तापमान, श्यानता व त्रिज्या यांना जोडणारे स्टोक्स-आइन्स्टाइन समीकरण तयार झाले. म्हणजे अभ्यासक्रमाने स्टोक्सची गोळी ठेवली, पण ज्या ठिकाणी तिच्यातून रेणूचे माप निघते आणि स्टोक्सचाच दुसरा शोध ते माप डोळ्यांना दाखवतो, नेमके ते ठिकाण वगळले. यापेक्षा सलग भौतिकशास्त्र पदवीच्या प्रयोगशाळेत दुसरीकडे कुठे सापडेल?

या तंत्राच्या आधुनिक रूपांचा इतिहासही हेच सांगतो. प्रकाशाच्या सूक्ष्म चढउतारांवरून विसरण मोजण्याची फ्लुओरेसन्स कोरिलेशन स्पेक्ट्रोस्कोपी मॅग्डे, एल्सन आणि वेब यांनी कॉर्नेल विद्यापीठात विकसित केली, आणि १९७२ मध्ये ती प्रसिद्ध झाली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये. घन मायक्रोमीटरएवढ्या जागेत, लिटरमागे एक नॅनोमोल इतक्या विरळ द्रावणात, सरासरी ०.६ रेणू असतात. असे रेणू त्या जागेतून ये-जा करतात तसा प्रकाश कमीजास्त होतो, आणि या चढउतारांच्या काळावरून विसरण गुणांक काढता येतो. हे शुद्ध सांख्यिकी भौतिकशास्त्र आहे. तेजस्वी लेसरने छोटा ठिपका निस्तेज करून तो पुन्हा किती वेळात उजळतो हे पाहण्याची पद्धत १९७६ मध्ये ॲक्सलरॉड आणि सहकाऱ्यांनी गणिताने पक्की केली. त्या संघातही वेब आणि एल्सन होतेच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही फ्लुओरेसन्सच्या अशा तंत्रांवर दीर्घकाळ काम झाले आहे. या पद्धतींनी पुढे जीवशास्त्राला मोठी देणगी दिली. हिरवे फ्लुओरेसंट प्रथिन पाण्यात सेकंदाला सुमारे ८७ चौरस मायक्रोमीटर या गुणांकाने पसरते, तर ई. कोलाय जीवाणूच्या आत सुमारे दहापट हळू. पेशीच्या आत किती दाटी आहे हे या आकड्यातून कळते. पण मोजणारे शास्त्र भौतिकशास्त्रच राहते. एखाद्या मापाचा उपयोग शेजारच्या विभागाला होतो म्हणून ते माप आपले नाही असे म्हणणाऱ्या विभागाकडे विद्यार्थी का यावेत?

खर्चाच्या हरकतीत तंत्र आणि यंत्र यांची गल्लत आहे. एका पेशीत, मायक्रोसेकंदांच्या काळात विसरण मोजायचे असेल तर कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक लागतो, हे खरे. पण अंतर वाढवले की काळ आपोआप वाढतो आणि साधने साधी होतात. फ्लुओरेसीनचा विसरण गुणांक २५ अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ४२५ चौरस मायक्रोमीटर आहे. रेणूंच्या पसाऱ्याचा वर्ग म्हणजे या गुणांकाची दुप्पट गुणिले काळ. त्यावरून एका सेकंदात पसारा २९ मायक्रोमीटर होतो, एका तासात १.७५ मिलिमीटर, तीन तासांत ३ मिलिमीटर आणि एका दिवसात ८.६ मिलिमीटर. मोबाइलच्या कॅमेऱ्यात चार सेंटिमीटर रुंदीचे दृश्य चार हजार ठिपक्यांत येते, म्हणजे एक ठिपका १० मायक्रोमीटरचा. तीन मिलिमीटर रुंदीचा पट्टा मोजायला लाखांचे यंत्र कशाला हवे?

लागणारी सामग्री अशी आहे. रंगद्रव्य म्हणून सोडियम फ्लुओरेसीन. नेत्रतज्ज्ञ बुबुळावरचे ओरखडे पाहण्यासाठी ज्या कागदी पट्ट्या वापरतात, त्यांवर हेच द्रव्य असते, साधारण एक मिलिग्रॅम. दृष्टिपटलाच्या तपासणीत ते शिरेतून टोचलेही जाते, म्हणजे हाताळायला ते निर्धोक आहे. प्रकाशासाठी निळा एलईडी. त्याच्या प्रकाशात थोडा हिरवा अंश असतो, म्हणून पुढे निळा गाळक, आणि कॅमेऱ्यापुढे निळा प्रकाश अडवणारा पिवळा-नारिंगी गाळक. नाटकाच्या प्रकाशयोजनेत वापरतात ते जिलेटीन कागद सुरुवातीला या कामाला चालतात. जेलसाठी सूक्ष्मजीवशास्त्र विभागातले अगर, शंभर मिलिलिटर पाण्यात अर्धा ग्रॅम. अगर ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान गोठते, पण पुन्हा वितळायला सुमारे ८५ अंश लागतात. म्हणून खालचा थर गोठल्यावर ४५ अंशांचा वरचा थर त्यावर ओतला तरी सीमा मोडत नाही. ही सगळी सामग्री एका लाकडी खोक्यात मावते आणि डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंदवण्याजोगे त्यात जवळजवळ काहीच नाही.

दोन पूरक गाळकांची ही मांडणी भारतातल्या भौतिकशास्त्राला परकी नाही. १९२८ मध्ये कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये रामन आणि कृष्णन यांनी सूर्यप्रकाशाच्या वाटेत निळा-जांभळा गाळक ठेवला आणि डोळ्यापुढे पूरक रंगाचा. दुसऱ्या गाळकातून तरीही प्रकाश दिसत राहिला. त्याच प्रयोगशाळेत १९२३ मध्ये रामनाथन यांना असाच फिकट प्रकाश दिसला होता आणि तो अशुद्ध द्रवातला क्षीण फ्लुओरेसन्स असावा असे तेव्हा मानले गेले होते. तो फ्लुओरेसन्स नाही हे सिद्ध करण्यातूनच रामन परिणाम वेगळा ओळखला गेला. या शोधाच्या स्मरणार्थ दरवर्षी २८ फेब्रुवारीला महाविद्यालयांमध्ये विज्ञान दिन साजरा होतो. त्या शोधाची मांडणी जवळजवळ जशीच्या तशी ज्या प्रयोगात हाताळायला मिळते, तो प्रयोग मात्र वर्षभर कुठेच नसतो. महागडी साधने नाहीत म्हणून विज्ञान होत नाही, असे निदान या देशात आणि या प्रयोगाबाबत तरी कुणी म्हणू नये.

‘मग शाईचा थेंब का नको?’ ही हरकत सर्वांत घातक आहे, कारण ती चुकीचे भौतिकशास्त्र शिकवते. बीकरमधल्या पाण्यात शाईचा थेंब किंवा पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकला की काही मिनिटांत रंग सगळीकडे पसरतो, आणि शाळेपासून विद्यार्थ्याला सांगितले जाते की हे विसरण आहे. हिशेब करून पाहावा. फ्लुओरेसीनसारख्या रेणूला फक्त विसरणाने दहा सेंटिमीटर अंतर पार करायला सुमारे १३६ दिवस लागतात. लहान आयनांसाठी काळ काही पट कमी होईल, पण तो आठवड्यांतच मोजावा लागेल. काही मिनिटांत जे घडते ते बहुतांशी प्रवाहांमुळे. दाट शाई पाण्यापेक्षा जड असते म्हणून खाली बुडते, हाताच्या उबेने पाणी हलते, ओततानाची ढवळ उरलेली असते. सेकंदाला १० मायक्रोमीटर इतका मंद प्रवाहसुद्धा तासाभरात रंगद्रव्याला ३६ मिलिमीटर वाहून नेतो, म्हणजे विसरणाच्या वीसपट. म्हणूनच या प्रयोगात जेल लागते. रेणू त्याच्या जाळीतून मोकळे फिरतात, त्यांचा गुणांक साध्या पाण्यातल्यापेक्षा थोडाच कमी होतो, पण पाणी मात्र वाहू शकत नाही. एकच नळी जेलविना आणि एक जेलसह शेजारी ठेवली, तर विसरण आणि प्रवाह यांतला फरक विद्यार्थी आयुष्यभर विसरणार नाही.

साधे रंगद्रव्य सोडून फ्लुओरेसंट रंगद्रव्यच का, याचे कारणही इथेच आहे. साध्या रंगाच्या शोषणावरून मोजायचे तर लखलखीत पार्श्वभूमीवरची थोडीशी घट मोजावी लागते. ती दिसावी म्हणून रंग दाट करावा लागतो आणि दाट द्रावण जड होते. फ्लुओरेसन्समध्ये काळोखाच्या पार्श्वभूमीवरचा प्रकाश मोजायचा असतो, त्यामुळे लिटरला मिलिग्रॅमपेक्षाही कमी द्रव्य पुरते. एवढ्या द्रव्याने पाण्याच्या घनतेत पडणारा फरक तापमान अंशाच्या काही हजाराव्या भागाने बदलण्याइतका क्षुल्लक असतो. शिवाय अगर थोडे गढूळ असले तरी त्यातून विखुरलेला प्रकाश निळाच राहतो आणि पिवळा गाळक तो अडवतो.

गणित झेपत नाही, ही हरकत तर अभ्यासक्रमच खोडून काढतो. उष्णतेच्या वहनाचे समीकरण पदवीच्या विद्यार्थ्याला शिकवले जाते. विसरणाचे समीकरण तेच आहे, फक्त तापमानाच्या जागी संहती येते. त्याचीही भीती वाटत असेल तर यादृच्छिक चालीचा मार्ग आहे. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलापासून स्वतंत्र असेल तर सरासरी विस्थापन शून्य राहते आणि विस्थापनाच्या वर्गाची सरासरी पावलांच्या संख्येच्या प्रमाणात वाढते. चार ओळींची सिद्धता. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये यावरूनच दाखवून दिले की १७ अंश तापमानाच्या पाण्यातला एक मायक्रोमीटर व्यासाचा कण सेकंदात सुमारे ०.८ आणि मिनिटात सुमारे ६ मायक्रोमीटर सरकेल. साठपट काळाला साठपट अंतर नाही, आठपटीच्या आतच. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पेरँने मोजून हे खरे ठरवले आणि अणूंच्या अस्तित्वाचा वाद संपला. १९२६ चे नोबेल त्याला मिळाले. ज्या सिद्धतेने अणूंवरचा अविश्वास संपवला ती बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला जड जाईल, असे मानणारा शिक्षक त्याच विद्यार्थ्याला क्वांटम यांत्रिकी कसे शिकवतो? २०१५ मध्ये मुंबईत झालेल्या आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडच्या प्रात्यक्षिक परीक्षेत बारीक स्प्रिंगवरून लेसरचे विवर्तन पाहून मळसूत्राची रचना काढण्याचा प्रश्न होता, आणि तो थेट डीएनएच्या क्ष-किरण चित्रापर्यंत नेलेला होता. परीक्षार्थी शाळकरी मुले होती.

अचूकतेची हरकत अधिक गांभीर्याने घ्यायला हवी, कारण तिच्या मुळाशी प्रयोगशिक्षणाबद्दलचा चुकीचा समज आहे. दहा-पंधरा टक्क्यांची चूक असलेला आकडा निरुपयोगी, असे म्हणणाऱ्यांच्या मते प्रयोग म्हणजे पुस्तकातला आकडा पुन्हा मिळवणे. दोलकावरून गुरुत्वत्वरण काढताना विद्यार्थ्याला ९.८ हे उत्तर आधीच ठाऊक असते. रीडिंग जुळली नाहीत तर ती जुळवली जातात, जर्नल सर्टिफाय होते आणि प्रयोग संपतो. या व्यवस्थेत अचूक आकडा येतो, पण तो मोजलेला नसतो. भौतिकशास्त्राच्या शिक्षणावर संशोधन करणाऱ्या नताशा होम्स, कार्ल वायमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या तीन संस्थांमधल्या नऊ अभ्यासक्रमांची तपासणी करून २०१७ मध्ये दाखवले की, वर्गातला सिद्धांत पक्का व्हावा म्हणून ठेवलेल्या प्रयोगशाळांमुळे विद्यार्थ्यांच्या परीक्षेतल्या कामगिरीत मोजता येण्याजोगी भर पडत नाही. म्हणजे ज्या हेतूसाठी जुने प्रयोग राखले जातात तो हेतूसुद्धा सफल होत नाही. मग प्रयोगशाळेने काय करावे? मोजमाप शिकवावे, आणि चूक कुठे आहे ते शोधायला शिकवावे.

विसरणाचा प्रयोग त्यासाठी जणू घडवलेला आहे. मोबाइलचा कॅमेरा साध्या छायाचित्रात प्रकाशाचे प्रमाण जसेच्या तसे नोंदवत नाही. चित्रातले मूल्य निम्मे झाले तर प्रत्यक्ष प्रकाश जवळपास २२ टक्क्यांवर आलेला असतो. हे ध्यानात न घेता रुंदी मोजली तर ती चुकते; म्हणून कॅमेरा रॉ स्वरूपात वापरावा लागतो आणि एक्स्पोजर स्थिर ठेवावे लागते. द्रावण दाट केले, लिटरला १० मायक्रोमोल, तर एक सेंटिमीटर जाडीच्या पलीकडे जेमतेम १७ टक्के निळा प्रकाश पोचतो आणि चमक संहतीच्या प्रमाणात राहत नाही. एक मायक्रोमोलला ८४ टक्के पोचतो. फ्लुओरेसीनची चमक आम्लतेवर अवलंबून असते, म्हणून पाणी सौम्य अल्कधर्मी हवे, चिमूटभर खाण्याचा सोडा त्याला पुरतो. सतत प्रकाशात ठेवले तर रेणू निस्तेज होतात, म्हणून एलईडी छायाचित्रापुरताच लावायचा. आणि हे सगळे नीट झाले की नाही याची कसोटी प्रयोगातच आहे. नळीतल्या एकूण चमकेची बेरीज प्रत्येक छायाचित्रात तीच यायला हवी, कारण रंगद्रव्य कुठे नाहीसे होत नाही. सीमा सुरुवातीला पूर्ण रेखीव नसते या दोषाचे उत्तरही आलेखात मिळते. पुसट पट्ट्याच्या रुंदीचा वर्ग काळाविरुद्ध मांडला की सरळ रेषा येते, सुरुवातीचा पुसटपणा तिच्या छेदात राहतो आणि उतार निखळ विसरणाचा मिळतो. रेषा वाकली तर कुठेतरी प्रवाह आहे, निस्तेजन आहे किंवा कॅमेरा फसवतो आहे. गुरुत्वत्वरणाचा कोणता नेहमीचा प्रयोग विद्यार्थ्याशी एवढा प्रामाणिक संवाद करतो?

चूक पंधरा टक्के असली तरी तपासायची गोष्ट तिच्याहून मोठी निवडता येते. पाण्याची श्यानता २० अंशांना १.००२ मिलिपास्कल-सेकंद असते आणि ३० अंशांना ०.७९७. स्टोक्स-आइन्स्टाइन समीकरणानुसार या दहा अंशांत विसरण गुणांक ३० टक्क्यांनी वाढायला हवा. विदर्भातल्या वातानुकूलन नसलेल्या प्रयोगशाळेत जानेवारीची सकाळ आणि मार्चअखेरची दुपार यांच्यात एवढा फरक सहज असतो. दोन सत्रांतल्या दोन बॅचेसनी आपापली रीडिंग समोरासमोर ठेवली की समीकरणाची परीक्षा होते, आणि जो उन्हाळा एरवी प्रयोगातला अडथळा समजला जातो तो प्रयोगाचे साधन होतो. आणखी मोठा फरक हवा असेल तर पाण्यात वजनाने निम्मे ग्लिसरॉल मिसळावे. २० अंशांना अशा मिश्रणाची श्यानता पाण्याच्या सुमारे सहापट असते, तेव्हा गुणांक सहाव्या हिश्श्यावर यायला हवा. पंधरा टक्के चूक या निकालाला हात लावू शकत नाही.

वेळेची अडचण खरी नाही. तीन तासांत दर दहा मिनिटांनी छायाचित्र घेतले तर अठरा बिंदू मिळतात, एका सरळ रेषेला भरपूर. मधल्या वेळात विद्यार्थी आधीची छायाचित्रे इमेज-जे या मोफत संगणक प्रणालीत उघडून रुंदी काढू शकतात. वीस जणांच्या बॅचमध्ये दोघांमागे एक नळी सहज देता येते.

सिम्युलेशनचा पर्याय मात्र सरळ नाकारावा लागतो. संगणकातल्या विसरणात तेवढेच असते जेवढे प्रणाली लिहिणाऱ्याने त्यात घातले. त्यात संवहन नाही, कॅमेऱ्याच्या प्रतिसादाची वक्रता नाही, गाळकातून गळणारा निळा प्रकाश नाही. व्हर्च्युअल लॅबमध्ये मिळालेला गुणांक प्रणालीतच लिहून ठेवलेला असतो. विद्यार्थी फक्त तो परत वाचतो. हीच गोष्ट बंद पेटीच्या किटची. बटण दाबले की पडद्यावर विसरण गुणांक उमटवणारे उपकरण विकत घेऊन हा प्रयोग ‘सुरू केला’ असे कुणी म्हणत असेल, तर त्याने तो सुरू होण्याआधीच बंद केला आहे. नळी विद्यार्थ्यानेच भरायची, गाळक त्याने निवडायचे आणि वाकलेली रेषा त्यानेच समजून घ्यायची. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र २००४ पासून एनआययूएस उपक्रमातून पदवीच्या विद्यार्थ्यांना अशा स्वतंत्र विचाराच्या कामात गुंतवत आले आहे. हे काम भारतात होत नाही असा बहाणा म्हणूनच चालत नाही.

शेवटी परीक्षेचा मुद्दा, कारण खरा विरोध तिथूनच येतो. एक्सटर्नल परीक्षकाला दोन तासांत ठरलेल्या आकड्याशी ताडून गुण द्यायचे असतात आणि विसरणाचा आकडा तापमानासह, जेलसह बदलतो. पण ही त्रुटी प्रयोगाची नाही, गुणदानाची आहे. नव्या शैक्षणिक धोरणातल्या चार वर्षांच्या पदवीत शेवटच्या वर्षी संशोधन प्रकल्पाची सोय आहे. ज्याने तीन वर्षे फक्त ठाऊक असलेली उत्तरे मोजली, तो विद्यार्थी चौथ्या वर्षी ठाऊक नसलेले उत्तर कशाच्या बळावर शोधणार? परीक्षेत त्याला सकाळी मांडून ठेवलेली नळी, तापमापी आणि चार छायाचित्रे द्यावीत. मिश्रणात ग्लिसरॉल किती हे त्याला सांगू नये. त्याने काढलेल्या गुणांकाला थोडे गुण असावेत. रेषा कुठे विश्वासार्ह आहे, अनिश्चितता किती आणि ती कुठून आली, हे त्याने व्हायवात पटवून द्यावे, आणि बहुतेक गुण या पटवून देण्याला असावेत. पॉइझेलीची केशनळी आणि स्टोक्सची पडती गोळी हे श्यानतेचे दोन प्रयोग अभ्यासक्रमात शेजारी शेजारी असतात. त्यांपैकी एकाची जागा फ्लुओरेसन्सने मोजलेल्या विसरणाला अभ्यासक्रमाच्या पुढच्याच फेरबदलात मिळायला हवी, कारण श्यानता त्या प्रयोगातही मोजली जाते आणि तिच्याबरोबर रेणूही.